दुसऱ्या खांबाचे नियम

२ मार्च, सोमवार

दुसरा खांब शेवटी माझ्याच गळ्यात पडला! सकाळी साहेबांनी बोलावून फाईल पुढे सरकवली. सरकारी इमारतीवर सरकारी झेंड्याशिवाय दुसरा कुठलाही झेंडा लावायचा तर त्याला नियम हवेत, असं वरून पत्र आलंय. पहिला मसुदा मी करायचा.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या दुसऱ्या खांबावर दोन दिवस एका साबणाच्या कंपनीचा झेंडा फडकत होता. कुणी आणला, कुणी परवानगी दिली — आजतागायत पत्ता नाही. दोरी ओढणाऱ्या देखभालवाल्या बाईंना वाटलं, पाहुण्या देशाचा असेल. संध्याकाळी उतरवून त्यांनी तो चांगला घडी घालून कपाटात ठेवलाही होता.

साहेबांना सगळे मागून स्वल्पविराम म्हणतात. स्वल्पविराम हलवल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नाही. म्हणाले, असा मसुदा करा की कुणाला बोट घालायला फट राहू नये.

तसं मला जमतं. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, फटी बुजवण्यातच जन्म गेला.

५ मार्च, गुरुवार

मसुदा झाला. दुसरा झेंडा सरकारी झेंड्यापेक्षा मोठा नको, वर नको, एकाच दोरीवर तर नकोच. पक्षाचा, पंथाचा, धंद्याचा नको. फाटका, विटका नको. सरकारी झेंडा दुखवट्यासाठी अर्ध्यावर असेल त्या दिवशी दुसरा खांब रिकामा. अर्ज तीस दिवस आधी. जास्तीत जास्त तीन दिवस. सूर्यास्ताला खाली.

कलम अकरा माझ्या स्वतःच्या डोक्यातलं. 'अर्जदाराने समितीसमोर समक्ष हजर राहून आपले म्हणणे तोंडी मांडावे.' म्हणजे दुसऱ्याच्या नावाने भलताच कुणी अर्ज ठोकून जाणार नाही. साबण परत येणार नाही. साहेब खूश. 'समक्ष'नंतर एक स्वल्पविराम घातला, मग काढला.

८ मार्च, रविवार

मुलगा येऊन गेला. दाराशी बटण दाबलं की घरातला दिवा लुकलुकतो — हिनेच बसवून घेतला होता तो, मुलाला ऐकू येत नाही म्हणून. आता घरात राहतो मी एकटा, मला चांगलं ऐकू येतं, आणि दिवा मात्र लुकलुकतो.

जेवलो. जुन्या कागदांच्या पाठीवर लिहून बोललो. 'तब्येत?' 'ठीक.' 'काम?' 'पुस्तकं बांधतोय, शाळांची.' 'भाजीत मीठ जास्त?' 'थोडं.' त्यानं भांडी घासली, मी पुसली. चार वाजता गेला.

ही होती तेव्हा जेवताना तिचे हात सतत हवेत. त्याचं मला सांगायची, माझं त्याला. मी बोलायचो तिच्याशी, तोही तिच्याशीच. मला वाटायचं, आम्ही तिघं गप्पा मारतोय. ही जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा कळलं, आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो.

ओठ वाचतो तो थोडे. पण माझी मिशी आड येते. तो चार वर्षांचा असताना ही म्हणाली होती, काढा हो ती मिशी, लेकराला तुमचं तोंड दिसत नाही. मी म्हटलं, बघू.

२० मार्च, शुक्रवार

नियम मंजूर. एक शब्दही बदलला नाही. मनातल्या मनात फुशारलो. सांगायला कुणी नाही, म्हणून इथे लिहितोय.

६ एप्रिल, सोमवार

अर्जांचा पाऊसच. कबुतरं पाळणाऱ्यांचा क्लब, रुग्णालयातल्या परिचारिका, सायकलवाले, एक कुटुंब — हो, कुटुंब! आजोबांच्या शंभरीनिमित्त घराण्याचा झेंडा हवाय. तो नाकारताना वाईट वाटलं. कबुतरवाल्यांचा झेंडा सरकारीपेक्षा चार बोटं मोठा निघाला. म्हटलं, कडा दुमडून शिवून आणा.

१३ एप्रिल, सोमवार

आज आलेला सातवा अर्ज. कर्णबधिर मंडळ. गर्द निळा झेंडा, मधोमध दोन पांढरे तळहात. मंडळाला चाळीस वर्षं होतायत, म्हणून तीन दिवस मागितलेत. खाली सही — कार्यवाह — माझ्या मुलाची.

तो कार्यवाह आहे हे मला माहीत नव्हतं. अर्जावरून कळलं.

अक्षर सुंदर आहे त्याचं. हिच्यासारखं.

१५ एप्रिल, बुधवार

काय केलं मी आज, ते लिहूनच ठेवतो.

साहेबांनी अर्ज चाळता चाळता विचारलं, हा तुमच्या आडनावाचा दिसतोय, नात्यातला का? मी म्हणालो, छे हो, आमचं आडनाव काय, दगड भिरकावला तरी चौघांना लागतं. ते हसले. मग प्रत्येक फाईलला लागतं ते पत्रक आलं. 'हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याचा अर्जदाराशी संबंध.' मी लिहिलं, नाही. खाली सही केली.

का? मनाशी म्हणालो, नातं कळलं तर फाईल माझ्याकडून काढतील, माझ्या हातात राहिली तर नीट पोचेल. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. ऑफिसात कुणालाच माहीत नाही की माझा मुलगा बहिरा आहे. तो दोन वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं, त्या आठवड्यात मी एकदा तोंड उघडलं होतं. तेव्हाचे हेडक्लार्क म्हणाले, कुणाकडचं आलं हे, तुमच्याकडचं की बायकोकडचं? त्यानंतर कुणी विचारलं की मुलगा काय करतो, मी सांगायचो, छापखान्यात आहे. पुढे कुणी खोदत नाही. सत्तावीस वर्षं भागलं.

१९ एप्रिल, रविवार

जेवणाआधीच त्यानं कागद ओढला. 'बाबा, तुमच्या इमारतीत अर्ज दिलाय. पाहिलात?'

'टेबलावर आहे. होईल.'

पहिल्यांदाच बराच वेळ लिहीत बसला. मंडळात आता एकशेदहा माणसं आहेत. झेंडा दोन म्हाताऱ्या बायकांनी हाताने शिवलाय, एकीचे डोळे अधू आहेत म्हणून टाके मोठे पडलेत, चालेल ना? मी लिहिलं, टाक्यांचा नियम नाही. तो हसला. त्याच्या हसण्याला आवाज आहे, लोकांना तो विचित्र वाटतो, म्हणून बाहेर तो हसत नाही. घरात हसला.

कलम अकराचं मी काही लिहिलं नाही. आणतील कुणाला तरी बोलायला, असं वाटलं.

२८ एप्रिल, मंगळवार

मंडळाचं पत्र. सुनावणीला दुभाषा मिळावा. साहेबांना विचारलं. म्हणाले, नियमात तरतूद कुठाय? नसेल तर नाही म्हणून कळवा. उत्तर मीच टाइप केलं. 'तशी तरतूद नाही. आपला विश्वासू.'

आपला विश्वासू!

७ मे, गुरुवार

सुनावणी झाली.

समितीत पाच जण. अध्यक्षबाई मधोमध, वकील सदस्य उजवीकडे, बाकीचे तिघे नुसते मान हलवणारे. मी कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी. कबुतरवाले बोलून गेले, परिचारिका बोलून गेल्या, दोघांनाही परवानगी मिळाली. मग तो आत आला. इस्त्रीचा शर्ट. बरोबर कुणी नाही. दुभाषी ठरवली होती, पण आदल्या दिवशी तिच्या घरी कुणीतरी आजारी पडलं, हे त्यानं कागदावर लिहून आणलं होतं. सोबत दोन पानांचं निवेदनही होतं, टंकलिखित. ते त्यानं अध्यक्षबाईंपुढे ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

वकील सदस्य म्हणाले, कलम अकरात 'तोंडी' म्हटलंय. लेखी चालायचं असतं तर तोंडी कशाला घातलं असतं? आज यांना सूट दिली तर उद्या प्रत्येक जण कागद फेकून जाईल. अध्यक्षबाईंना ते पटत नव्हतं, पण कलम समोर होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"इथे कुणाला यांची भाषा येते का?"

मी पेनाचं टोपण घट्ट केलं. येत नाही हे खरंच आहे. मला माझ्या मुलाची भाषा येत नाही. पण तो माझा मुलगा आहे, हे तर येत होतं ना बोलता? तेवढंही बोललो नाही.

तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता. अर्जदाराला फाईलची प्रत मिळते, ती त्याच्या हातात होती आणि तो चाळत होता. एका पानावर थांबला. मला लांबूनही कळलं, कुठलं पान ते. माझं अक्षर तो ओळखतो. रविवारी तेच तर वाचतो.

त्यानं पान उलटलं. प्रत बंद करून टेबलाच्या कडेशी ठेवली, अगदी नीट, कडेला कड लावून. समितीला नमस्कार केला. मला नाही. गेला.

परवानगी नाही. अर्ज दफ्तरी दाखल.

१० मे, रविवार

दिवा लुकलुकला नाही.

११ मे, सोमवार

मिशी काढली. ऑफिसात हसले सगळे. टंकलेखिका म्हणाली, दहा वर्षांनी तरुण दिसता. घरी आरशात पाहिलं तर वरचा ओठ पांढराफटक, कुणा दुसऱ्याच माणसाचा. आता तोंड दिसतंय, आणि बघायला कुणी नाही.

१७ मे, रविवार

नाही आला. दोघांचं जेवण केलं होतं. संध्याकाळी उरलेलं जेवलो. त्याला संदेश लिहिला, 'मला समजून घे.' पुसला. काय समजून घ्यायचं त्यानं? 'चुकलो.' तोही पुसला. रेडिओ लावला. माणसं बोलत होती, म्हणून लावूनच ठेवला.

२१ मे, गुरुवार

मंडळाच्या दिवाणखान्यात गुरुवारी संध्याकाळी नवशिक्यांचा वर्ग असतो. हे त्यांच्याच अर्जाच्या मागे चिकटवलेल्या माहितीपत्रकात होतं. मुलगा गुरुवारी संध्याकाळच्या पाळीला असतो हे माहीत होतं. म्हणजे गाठ पडायची नाही. तिथेही चोरासारखाच गेलो.

आम्ही सात जण. एक परिचारिका, एक बसकंडक्टर, कडेवर तान्हं बाळ घेतलेलं जोडपं, दोन कॉलेजातल्या मुली, मी. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या. फळ्यावर लिहितात. पहिला प्रश्न — का शिकायचंय? जोडप्यानं बाळाकडे बोट दाखवलं. बाई त्या बाळाच्या गालाला हात लावून आल्या. माझी पाळी आली. मी फळ्यावर लिहिलं, 'माझा मुलगा.' बाईंनी हाताने विचारलं, केवढा? गुडघ्याएवढा? कमरेएवढा?

मी खडू घेतला आणि लिहिलं, २९.

बाईंनी तो आकडा बराच वेळ पाहिला, मग पुसला आणि मला पहिल्या बाकावर यायला सांगितलं.

२८ मे, गुरुवार

आई, बाबा, पाणी, घर, हो, नाही, माफ कर. सात शब्द आले. बोटं लाकडासारखी झालीत. बसकंडक्टर म्हणतो, काका, तुम्ही हाताने फाईल सरकवताय असं वाटतं.

४ जून, गुरुवार

आज बाईंनी हसण्याचे चार प्रकार शिकवले. मोठ्याने हसणं, गालातल्या गालात, कुणाला हसणं, कुणाबरोबर हसणं. माझ्या मुलाकडे इतके शब्द असतील असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटायचं — लाज वाटते लिहायला — मला वाटायचं, खुणा म्हणजे भूक लागली, झोप आली, इकडे ये. ही रात्रंदिवस त्याच्याशी काय बोलत असेल, असं मी कधी विचारलं नाही.

८ जून, सोमवार

साहेबांच्या टेबलावर टिपण ठेवलं. अर्जदार माझा मुलगा आहे. पत्रकात मी खोटं लिहिलं. कलम अकरातला 'तोंडी' शब्द माझा आहे आणि तो चुकीचा आहे. त्याऐवजी 'आपल्या भाषेत, स्वतः किंवा दुभाष्यामार्फत' असं करावं, आणि अर्ज पुन्हा घ्यावा.

साहेबांनी दोनदा वाचलं. पेन उचललंच नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही! मग विचारलं, "इतकी वर्षं एकत्र डबा खातोय. कधी बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. ते म्हणाले, हे उत्तर नव्हे. खरंच नव्हतं.

१२ जून, शुक्रवार

मेमो. झेंड्याचं टेबल काढून घेतलं. निवृत्तीपर्यंत तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत. एक पगारवाढ रोखली. वरून आणखी काही यायचं होतं, साहेबांनी अडवलं असं टंकलेखिका सांगते. ते स्वतः काही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, तिथे ओल आहे, सतरंजी घेऊन बसा.

६ जुलै, सोमवार

तळमजल्यावर दिवसभरात कुणी येत नाही. मी कपाटांशी हाताने बोलतो. कपाट — उंच — जुनं — गप्प. आज देखभालवाल्या बाई झाडायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. सगळं सांगितलं. झाडू टेकून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, मलाही एक शब्द शिकवा की. 'झेंडा' शिकवला. दोनदा करून पाहिला आणि झाडायला लागल्या. नंतर सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, कलम बदललं बरं का, सकाळीच सही झाली. मला कुणी कळवलं नव्हतं.

१६ जुलै, गुरुवार

दुसरी सुनावणी. आता ते टेबल माझं नाही, म्हणून लोकांच्या बाकावर, शेवटच्या रांगेत. यावेळी दुभाषी बाई होत्या. मुलानं मला आत शिरतानाच पाहिलं. माझ्या ओठावर त्याची नजर क्षणभर थांबली. मग तो वळला.

तो बोलायला लागला. लिहितो तेव्हा तो मोजकं लिहितो. हाताने तसं नाही! हात, भुवया, खांदे, सगळाच माणूस बोलत होता. दुभाषी बाईंची दमछाक. म्हणाला, आम्ही या इमारतीत दाखले घ्यायला येतो. खिडकीतला माणूस खाली मान घालून बोलतो. आम्ही थांबा म्हणतो, तर तो मोठ्याने ओरडतो. भिंतीला ऐकू जाईल इतकं. आम्ही घरी परत जातो आणि दुसऱ्या दिवशी ऐकू येणारं माणूस घेऊन येतो. झेंडा लागला तर खिडकीतला माणूस विचारेल, हे हात कुणाचे? तेवढंच विचारावं. पुढचं आम्ही सांगू.

वकील सदस्यांनी विचारलं, पण झेंड्याने खिडकी बदलते का? तो म्हणाला, नाही, झेंड्याने फक्त मान वर होते.

मला दुभाषी बाईंचा आवाज ऐकू येत होता, पण 'मान वर' मला त्यांच्या आधी कळलं. तेवढं एकच.

तीन दिवसांऐवजी एक दिवस मिळाला. तीन-दोन मतांनी.

तो माझ्या रांगेजवळून गेला. मी हात उचलला, 'माफ कर' करायला, पण गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि अर्धंच झालं. त्यानं ते पाहिलं की नाही, कळलं नाही.

२४ जुलै, शुक्रवार

सकाळी सातला झेंडा चढला. मी रजा टाकली होती, आणि रजेवरच्या माणसाला आवारात थांबायची मुभा नव्हती, म्हणून रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. कंडक्टर आला होता, जोडपं बाळाला घेऊन. मंडळाची माणसं दाटीवाटीने खांबाखाली. टाळ्यांऐवजी सगळ्यांचे हात वर हवेत थरथरत होते, शेदोनशे हात, आणि आवाज काहीच नाही. बसथांब्यावरचे लोक वळून बघायला लागले.

वारा नव्हता. साडेनऊपर्यंत झेंडा वाळत घातलेल्या टॉवेलासारखा लोंबत होता. मग जरा हलला, दोन तळहात दिसले. टाके खरंच मोठे आहेत. रस्त्यापलीकडूनही दिसतात.

सूर्यास्तापर्यंत थांबलो. मुलगा कामाला गेला होता. देखभालवाल्या बाईंनी झेंडा उतरवला, घडी घातली आणि गेटाच्या गजांतून मला 'झेंडा' करून दाखवला.

२६ जुलै, रविवार

दिवा लुकलुकला.

कागद काढला नाही मी. हाताने विचारलं — तू रविवारी येत राहिलास, आई गेल्यावरही. का? चार शब्द, दोन चुकले असतील. त्याला कळलं. त्यानं अगदी सावकाश, मला समजेल असं सांगितलं. आई म्हणायची, बाबा रोज शिकतात. आरशासमोर. हात जमत नाहीत, लाजतात, म्हणून तुझ्यासमोर करत नाहीत. थांब थोडं. म्हणून तो थांबला होता. वीस वर्षं.

मी नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी हाताने म्हणालो — शिकलो नाही. आई खोटं.

तो टेबलावरून पुढे वाकला, माझी दोन बोटं धरून जराशी वळवली. 'खोटं' असं करायचं असतं.